मागाच्या खड्ड्यातला हिवाळा

आता सकाळी उठल्यावर मी आधी नागपूरचं हवामान पाहत नाही, आधी तिकडचं पाहते. नातवानं फोनमध्ये दोन गावं एकाखाली एक लावून दिली आहेत. वर नागपूर, खाली हिमाचलातलं डोंगरातलं एक लहानसं गाव. माझी लेक विमल तिथं तिच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. नातजावई तिथल्या वीज प्रकल्पावर नोकरीला आहे. बाळ होऊन आठवडाही झाला नाही. नागपूरपुढं सूर्याचं चित्र असतं, खालच्या गावापुढं पांढऱ्या ठिपक्यांचं. आज त्या ठिपक्यांशेजारी वाऱ्याच्या वाकड्या रेघा होत्या आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ होती. जोरदार हिमवृष्टी, रस्त्यांवर बर्फ गोठण्याची शक्यता, घाटातून प्रवास टाळावा. मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

आता मी इथं नागपूरच्या बेसा भागात बसून काय करणार, सांगा. पण भीती वाटायला लागली की हात रिकामे राहत नाहीत. मी उठते, खिडक्यांच्या कड्या पाहते, मागचं दार लोटून पाहते. सून म्हणते, "आई, सगळं बंद आहे. वारा येईल कुठून?" तिचं खरं आहे. इमारत नवी, खिडक्या काचेच्या, फट म्हणून कुठं नाही. तरी माझ्या पाठीला वारा लागतो. हा वारा खिडकीतून येत नाही, बाई. हा फार जुना आहे. मी वीस-एकवीस वर्षांची होते तेव्हा लागला होता, तो अजून थांबायचं नाव घेत नाही.

बर्फ मी आयुष्यात पाहिला तो गोळेवाल्याच्या लाकडी पेटीतला, भुशात ठेवलेला. पण बर्फाचं नाव ऐकून अंगावर काटा यायची सवय मला त्या हिवाळ्यापासून आहे. साठीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. गल्ली सगळी विणकरांची. घराघरात हातमाग, आणि सकाळ झाली की या टोकापासून त्या टोकापर्यंत खटक-खट, खटक-खट. नवीन माणसाला त्या आवाजात बोलता यायचं नाही. आम्हाला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. रेडिओ मात्र गल्लीत एकच, कोपऱ्यावरच्या पानठेल्यात. संध्याकाळी प्रादेशिक बातम्या लागल्या की बाप्यांची गर्दी व्हायची. बातम्यांच्या शेवटी हवामान. उत्तर भारतात पर्वतीय भागात हिमवृष्टी, विदर्भात थंडीची लाट कायम राहील, असं ती बाई अगदी शांतपणे सांगायची. जणू काही भाजी निवडता निवडता बोलून राहिली आहे.

तिकडं बर्फ पडला की दोन-तीन दिवसांनी आमच्याकडं वारा यायचा. एवढं हवामानशास्त्र आमच्या गल्लीत लहान पोराला पण कळत होतं. विणकराला कळावंच लागतं. सुताला खळ लावायची तर ऊन पाहिजे, कोरडी हवा पाहिजे, आणि वारा असा पाहिजे की सूत वाळेल पण तुटणार नाही.

एरवी नागपूरचा हिवाळा म्हणजे लाडाचे दिवस. उन्हाळ्यानं भाजून काढलेल्या माणसाला देवानं दिलेली सुट्टीच ती. अंगणात संत्र्यांच्या साली वाळत घातलेल्या, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं मधे ठेवून बसलेल्या बाया, भरताची वांगी निखाऱ्यावर फुटतात तो आवाज. मी उमरेडची. माहेरी पण माग, सासरी पण माग. लग्न होऊन आल्यावरचा पहिला हिवाळा मी असाच उन्हात पाठ शेकत घालवला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र मला संत्र्याची एक फोड खाल्ल्याचं आठवत नाही.

पौषात, दिवस भरायच्या किती तरी आधी, मला कळा सुरू झाल्या. माहेरी जायचं ठरलं होतं, तिळसंक्रांत करून. ते राहिलं. आठव्या महिन्यातच लेकरू झालं. मुलगी. दाईनं तिला उचललं तेव्हा ती रडली नाही, मांजराच्या पिलासारखी नुसती कुरकुरली. दाईचं नाव सकवारबाई. बोलायला फटकळ, पण अर्धी गल्ली तिच्याच हातावर जन्मलेली. तिनं पोर पुसली, कापसात गुंडाळली, माझ्या छातीशी ठेवली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पोट्टी चांगली आहे. पण अंगावर मांस नाही तिच्या. आपली ऊब आपल्या अंगात ठेवता येत नाही तिले. थंडी लागली का हातची जाईन, आताच सांगून ठेवते."

सासूबाईंना मी पण आत्याबाईच म्हणायची. त्यांनी पोरीच्या तळपायाला हात लावला. "गार नाही वाटून राहिले."

"हातानं काय कळते तुम्हाले?" सकवारबाई म्हणाली. "खळ लावून लावून हात झाले लाकडाचे. ओठाले लावा पाय. वरच्या ओठाले. ओठ खोटं बोलत नाही."

तेव्हापासून आमच्या घरात तो एक नेमच झाला. जो येईल तो आधी पोरीचा पाय ओठाला लावून पाहणार. करंगळीच्या पेराएवढे ते तळवे. गरम असले की आम्ही श्वास सोडायचो. कोमट असले की घरातली सगळी हालचाल बदलून जायची. आत्याबाई चुलीकडं, हे दाराकडं, आणि मी पोरीला आणखी आत, लुगड्याच्या आत, कातडीला कातडी लावून धरायची. आता दवाखान्यात हेच करायला सांगतात म्हणे. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते आणि आता ते नाहीत तरी जिभेवर येत नाही. ते संध्याकाळी पानठेल्यावर जायचे, हवामान ऐकून यायचे आणि दारातूनच मला सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. तिकडं बर्फ पडून राहिला आहे, इकडं वारा येणार, थंडी आणखी वाढणार. ऐकून मला असं रडू फुटलं की पोर छातीवर हलायला लागली. त्यानंतर मात्र त्यांचा रेडिओ बदलला.

"काय म्हणे जी आज?" मी विचारायची.

"उतरन म्हणे. उद्यापासून थंडी उतरन."

दुसऱ्या दिवशी वारा आणखी बोचरा. संध्याकाळी परत, "उद्या नक्की उतरन म्हणे."

मला खरं वाटायचं का? खरं सांगते, वाटायचं. ऐकायचं होतं तेच ते सांगत होते, मग कशाला शंका घेऊ?

आमचं घर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. कवेलू आणि भिंत यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा, उन्हाळ्यात बरी, पण त्या दिवसांत तिथून वारा असा घुसायचा जसा काही त्यानं भाडं भरलं आहे. आत्याबाईंनी सगळीकडं पोती ठोसली. दाराच्या फटीत चिंध्या, खिडकीला घोंगडी. ह्यांनी लकडगंजातल्या आरागिरणीतून लाकडाचा भुसा आणला, पत्र्याच्या डब्यात दाबून भरला, आणि बाजेखाली ती भुशाची शेगडी पेटवली. खोली अशी गरम झाली की मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. डोळे मिटायला लागले. डोकं जड झालं, पण मी म्हटलं, झोपेचं असेल. आत्याबाई दिवाबत्तीला आत आल्या, नेमाप्रमाणे पोरीचा पाय ओठाला लावला. पाय गरम होता. पण पोर हलली नाही. त्यांनी तळव्याला टिचकी मारली. तरी नाही.

"माय वं!" एवढाच आवाज मी ऐकला. त्यांनी दार उघडलं, घोंगडी ओढून फेकली, शेगडी लाथेनं बाहेर ढकलली, आणि पोरीला घेऊन अंगणात गेल्या. त्या वाऱ्यात. मी उठायला गेले तर पाय टेकेनात. बाहेर आत्याबाई पोरीच्या तोंडावर फुंकर मारत होत्या, पाठ चोळत होत्या आणि एकीकडं तिला शिव्या देत होत्या, "रड ना वं भवाने, रड ना." ती रडली. आयुष्यात दुसऱ्याचं रडणं इतकं गोड मला कधी लागलं नाही.

मग प्रश्न उरला तो उरलाच. दार लावलं तर धूर कोंडतो. दार उघडं ठेवलं तर वारा. शेगडी नको तर ऊब कुठून आणायची? आत्याबाई दारात बसून राहिल्या, पोर पदराखाली. शेजारच्या गोदाबाई आल्या, आणखी दोघी आल्या. कोणी म्हणे गरम विटा ठेवा, कोणी म्हणे तेल लावा. गोदाबाई म्हणाल्या, "आठव्याचं लेकरू टिकत नाही वं, कायले जीव लावते?" असं काही वाईट मनानं नाही बोलल्या त्या. त्यांची दोन गेली होती.

आणि या सगळ्यात पलीकडच्या खोलीत माग चालूच होता. खटक-खट. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मागावर होते. मी त्यांना मामाजी म्हणायची असं म्हणते खरं, पण म्हणायची वेळच आली नव्हती. त्या काळी सासरा सुनेशी सरळ बोलत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन बाजूनं जायची, आणि त्यांना काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगायचे, नाहीतर आत्याबाईंना, "तिले म्हणा, पाणी ठेवा." मी समोर उभी असले तरी तसंच. मला त्यांचा चेहरा नीट माहीत नव्हता. पाय माहीत होते. मागाच्या खड्ड्यात लोंबणारे, पावड्यांवर खालीवर होणारे.

विणकराचा माग जमिनीवर असतो, आणि विणणारा खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो. त्या पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. खड्डा चांगला मांडीइतका खोल. उन्हाळ्यात त्यात पाय सोडले की गारवा लागतो आणि हिवाळ्यात ऊब. मामाजींचे पाय थंडीत कधी फुटले नाहीत, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. त्या संध्याकाळी माग एकदम थांबला. बोलणाऱ्या बायाही थांबल्या. मामाजी दारात आले, आत्याबाईंकडं पाहिलं आणि म्हणाले, "तिले म्हणा, मागाच्या खड्ड्यात बसा. लेकरू घेऊन. मी पावड्या काढून राहिलो."

बाळंतिणीला सोयर. दहा दिवस ती देवाजवळ जात नाही, चुलीजवळ जात नाही, आणि मागाजवळ तर नाहीच नाही. आमच्याकडं माग म्हणजे देव. दसऱ्याला त्याला हळदकुंकू, चपलेचा पाय त्या खोलीत नाही. बाई अडचणीची असली तर तिची सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. आणि हे कोण सांगतंय, तर मामाजी. जे धोट्याच्या पाया पडल्याशिवाय सकाळचा चहा घेत नव्हते.

गोदाबाईंनीच तोंड उघडलं. "भाऊजी, देव बाटवता का? मागाच्या खाली बाळंतीण?"

मामाजी आत वळता वळता म्हणाले, "बारा महिने माहे पाय आहेत त्याच्या पोटात. आजवर काही बोलला नाही तो. लेकराले काहून बोलन?"

त्यांनी पावड्या सोडल्या, दोऱ्या वर बांधल्या, आणि कुदळ घेऊन खड्डा एका बाजूनं उकरून लांबवला. माझे पाय पसरतील एवढा. तुटक्या सुताचा गुंता आत्याबाई वर्षानुवर्षं पोत्यांत भरून ठेवायच्या, कशाला ठेवतात म्हणून आम्ही हसायचो. ती पोती खड्ड्यात रिकामी केली. वर गोधडी. माग मात्र त्यांनी उतरवला नाही. अर्धं विणलेलं लुगडं, हिरवं, लाल काठाचं, तसंच ताणलेलं राहिलं. मी त्याच्या खाली, पोर माझ्या छातीवर.

तिथं बसल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं, तर शांतता. वारा डोक्यावरून जात होता. आम्ही त्याच्या खाली होतो. ताज्या उकरलेल्या मातीचा वास, खळीचा आंबूस वास, सुताचा कोरडा वास. डोक्यावर विणलेल्या कापडातून उजेड हिरवा होऊन यायचा आणि पुढं नुसत्या ताण्याच्या उभ्या धाग्यांतून गाळून, केसासारखा बारीक. पोर डोळे उघडून त्याच्याकडं पाहायची. एवढ्याशा लेकराला दिसत नाही म्हणतात. मला वाटायचं, दिसतं.

मामाजी आपल्या जागेवर बसून राहायचे. खड्ड्याच्या काठावर, दाराकडं पाठ करून, म्हणजे दारातून येणारा वारा त्यांच्या पाठीला लागेल, आमच्याकडं येणार नाही. पाय मात्र आत सोडता येत नव्हते. मांडी घालून बसायचे, आणि बसल्या बसल्या त्यांचे पायाचे अंगठे हलायचे. एक खाली, एक वर. विणत नव्हते, पण पाय विणत होते. मला हसू यायचं. मी पदर आणखी पुढं ओढायची. हातभर अंतरावर आम्ही दोघं, आणि ते आत्याबाईंना हाक मारून म्हणायचे, "अवं, तिले विचार ना, पाय कसे आहेत." आत्याबाई चुलीजवळून ओरडायच्या, "पाय कसे आहेत वं?" मी म्हणायची, "गरम आहेत." आत्याबाई त्यांना सांगायच्या, "गरम आहेत म्हणते." मग ते मान हलवायचे. पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असा हा निरोप, आणि ज्याला द्यायचा तो माझ्या डोक्याशी बसलेला.

एका सकाळी आत्याबाई ओंजळीत काहीतरी घेऊन आल्या. "पाह्य वं, पाह्य लवकर!" अंगणात राहिलेल्या खळीच्या घमेल्यावर काचेसारखा पापुद्रा आला होता. नागपुरात. त्यांनी तो बोटानं उचलून माझ्यापर्यंत आणला तेवढ्यात अर्धा विरघळला. त्यांना त्याचं नवल वाटत होतं, लहान मुलीसारखं. मला मात्र असं वाटलं की तिकडचा बर्फ चालत चालत शेवटी आमच्या अंगणापर्यंत आलाच. मी पोरीचा पाय ओठाला लावला. कोमट. परत लावला. कोमटच. त्या दिवशी मी तिला क्षणभर खाली ठेवलं नाही.

त्याच संध्याकाळी हे आले आणि दारातूनच म्हणाले, "आता संपली म्हणे थंडी. आभाळ मोकळं राहीन."

"खरं का जी?"

"रेडिओवाली खोटं कायले बोलन?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, मला डोक्यावर कवेलूंवर पावलं ऐकू आली. हे छपरावर चढले होते. पोती पसरत होते, त्याच्यावर दगड ठेवत होते. खाली कोणीतरी विचारलं, "काय करून राहिला गा वर?" तर म्हणाले, "माकडं येऊन राहिले, कवेलू हलवतात." माकडं! आमच्या गल्लीत माकडं कधी आली होती? मी खड्ड्यात बसून त्यांची पावलं ऐकत होते. इकडून तिकडं. माझ्या बरोबर वर आले की थांबायचे, एक पोतं जास्त टाकायचे. तेव्हा मला कळलं की रेडिओवाली खरं काय बोलली असेल. नवऱ्याचं तोंड एक सांगत होतं आणि त्याचे हात दुसरं. त्यानंतर आयुष्यभर मी त्यांच्या तोंडाकडं कमी आणि हातांकडं जास्त पाहिलं. फार कामाला आलं ते.

दुपारी ऊन गेलं. एकदम, जसा कोणी दिवा कमी करावा. गल्लीतले माग एकेक करून थांबले, पहिल्यांदा दूरचे, मग जवळचे. वाऱ्यानं दारं आपटली. कुठंतरी पत्रा उडाल्याचा आवाज. आणि मग कवेलूवर टक्, टक्, आणि त्यानंतर मोजताच येणार नाही असं काही. गारा. मी गारा आधी पाहिल्या होत्या, लहानपणी वेचून खाल्ल्या होत्या, पण खड्ड्यात बसून, वर छप्पर फुटतं की राहतं हे ऐकत, छातीवर दोन मुठींएवढं लेकरू धरून कधी ऐकल्या नव्हत्या. पोरीनं दोन्ही हात झटकले आणि ती आक्रसली.

ह्यांनी पोती सगळीकडं टाकली होती, एक कोपरा सोडून. तिथलंच कवेलू फुटलं. बोराएवढ्या गारा वाऱ्यासोबत तिरप्या आत आल्या आणि मागावर, त्या ताणलेल्या लुगड्यावर पडल्या. माझ्या तोंडाच्या वर वीतभर. कापडानं त्या झेलल्या. कापड खाली वाकायचं आणि त्यांना परत वर उडवायचं. एक गार माझ्या डोळ्यांदेखत हिरव्या उजेडात वितळायला लागली. पाणी झिरपलं, खळ सुटली, एक चिकट थेंब पोरीच्या कपाळावर पडला. पुढं ताण्याचे धागे तुटायचा आवाज येत होता, तट्, तट्. विणकराच्या घरी या आवाजाला काय किंमत असते ते मी सांगू शकत नाही.

मामाजी मागावर ओणवे झाले. अंगावरचं घोंगडं त्यांनी ओढून कापडावर टाकलं. पाठीवर गारा पडत होत्या, आणि ते दोन्ही हातांनी कापडावरच्या गारा गोळा करून बाजूला फेकत होते. त्यांनी तुटलेल्या धाग्यांकडं पाहिलं नाही. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा तेव्हा नीट पाहिला, विणकामातून, अगदी जवळून. म्हातारे होते. मला ते कधी एवढे म्हातारे वाटले नव्हते.

आत्याबाई कुठं होत्या कोणास ठाऊक. हे बाहेर, छपराशी झुंजत. निरोप न्यायला कोणी नव्हतं. मामाजी वाकून, सरळ माझ्याकडं पाहून म्हणाले, "पोरी, पाय पाहा."

मी पोरीचा पाय ओठाला लावला. गारांच्या माऱ्यात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मी ओरडून म्हटलं, "गरम आहेत, मामाजी!"

"दुसरा पण पाहा."

"दुसरा पण गरम!"

ते हसले असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. हसले नसतील. गारांनी तोंड वेडंवाकडं झालं असेल. पण मला हसल्यासारखे दिसले.

ते लुगडं काही पूर्ण झालं नाही. मधोमध पाण्याचा मोठा डाग पडला आणि ताणा ठिकठिकाणी तुटला. मामाजींनी ते कापून काढलं, आणि आत्याबाईंनी डाग टाळून त्याची दुपटी शिवली. थंडी मग खरंच उतरली, आणि त्या दिवशी रेडिओनं सांगितलं तेच ह्यांनीही सांगितलं. लांबवलेला खड्डा मामाजींनी बुजवला नाही. पाठ टेकायला कडेला एक वीट लावली आणि तसाच ठेवला. पुढं ती पोरगी रांगायला लागली तेव्हा मागाचा आवाज सुरू झाला की त्या कोपऱ्यात जाऊन बसायची, त्यांच्या पायाशी. पाचवी-बारसं सगळं उशिरानंच झालं. कानात नाव सांगायची वेळ आली तेव्हा आत्याबाईंना त्यांच्या आईचं नाव ठेवायचं होतं. ठेवलं. विमल.

तीच विमल आता तिकडं बर्फात बसली आहे, आपल्या नातवाला मांडीवर घेऊन. जिथला बर्फ तेव्हा वारा होऊन तिच्या अंगावर आला होता, त्याच बाजूला. मी हे तिला परत सांगितलं नाही. तिला माहीत आहे पण मी आठवण करून दिली नाही.

दुपारी तिचा फोन आला. चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज, तो पण तुटक. मी विचारलं, "काय म्हणते वं तिकडचं हवामान?"

"चांगलं आहे आई. ऊन पडलं आहे आज. तू उगाच फोनमध्ये पाहत बसू नको."

"लाईट आहे का?"

"आहे ना. सगळं आहे."

तिच्या मागं एक आवाज येत होता. खर्र, खर्र. कोणीतरी पत्र्यावरून काही तरी ओढत होतं, जड. थोडं थांबून परत. मग धप्पकन काही खाली पडलं. मला पत्रा ओळखता येतो, आणि फावडंही. नातजावई छपरावर होता. उन्हात छपरावर चढून कोणी काय खरवडतं, ते मला कोणी सांगायला नको. मी म्हटलं असतं, अगं, तू बापाची लेक आहेस. नाही म्हटलं. बापाला पण कधी म्हटलं नव्हतं की मला पावलं ऐकू येतात म्हणून.

"बरं," मी म्हणाले. "पाय पाहा त्याचे."

"हाताला गरमच लागून राहिले, आई."

"हातानं नको."

फोनमध्ये फक्त ते खर्र, खर्र. सून स्वयंपाकघरातून येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मी फोन कानाला इतका दाबला की कानातली कुडी रुतली. तिकडं वर ते फावडं थांबलं, बहुतेक बरोबर विमलच्या डोक्यावर.

"गरम आहेत," विमल म्हणाली.

"दुसरा पण पाहा."